न्यू जर्सीत टॉल फेस्क्यूचं लॉन : लावायचं कधी, राखायचं कसं

एप्रिल उजाडला की एडिसन, ब्रिजवॉटर, प्लेन्सबरो भागातल्या दुकानांबाहेर गवताच्या बियांच्या नि खताच्या पिशव्यांचे ढीग लागतात. नुकतंच घर घेतलेली आपली माणसं हौसेने गाडी भरून ते घरी नेतात. मे महिन्यात अंगण हिरवंगार होतं, फोटो निघतात. जुलै संपता संपता त्याच अंगणात पिवळे चट्टे पडतात, मधूनमधून क्रॅबग्रास या तणाचे पसरट ठोंब दिसू लागतात, आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा त्याच पिशव्या घरी येतात. या लोकांच्या मेहनतीत काही कमी नसतं, त्यांचा महिना तेवढा चुकतो. इथल्या गवताचं वर्ष गणपतीच्या सुमारास सुरू होतं. बी, खत, मशागत, तणनाशक यांतली मोठी कामं ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकली, तर उरलेल्या वर्षात कापणी आणि थोडी राखण एवढंच उरतं. टॉल फेस्क्यू या गवताच्या लॉनवरचा हा सगळा लेख त्या तीन महिन्यांभोवती फिरतो.

हे गवत असं का वागतं

आपल्याला गावाकडून ओळखीची असते ती हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वा. ती उन्हाळी गवतांतली. नव्वद अंश फॅरनहाइटला खूश असते आणि थंडी पडली की वाळून तपकिरी होते. न्यू जर्सीत तिचा हिरवेपणा जेमतेम मे ते ऑक्टोबर टिकतो. (पूजेसाठी दूर्वा हव्या असतील तर कुंडीत लावा आणि थंडीत कुंडी घरात घ्या. लॉनमध्ये सोडल्या तर धावत्या खोडांनी पसरतात आणि मग काढता काढता नाकी नऊ येतात.)

इथल्या लॉनची गवतं हिवाळी. हवा साठ ते पंचाहत्तर अंशांत असली की ती जोमाने वाढतात. वर्षात त्यांना दोन भर येतात. एप्रिल-मेमधला भर पात्यांचा, म्हणून तेव्हा आठवड्यातून दोनदा मोअर (गवत कापायचं यंत्र) फिरवावा लागतो. सप्टेंबर ते नोव्हेंबरचा भर मुळांचा आणि फुटव्यांचा. वरून तो फारसा दिसत नाही, पण पुढचा उन्हाळा त्याच्याच जोरावर निघतो. जुलैत पारा नव्वदीत गेला की ही गवतं जेवढं अन्न बनवतात त्याहून जास्त खर्च करू लागतात आणि मुळं आखडतात. एप्रिलमध्ये उगवलेल्या रोपाला तोपर्यंत तीन महिनेसुद्धा मिळालेले नसतात. सप्टेंबरच्या रोपाला दोन थंड हंगाम मिळतात.

कोणतं गवत घ्यावं

दुकानात मुख्यतः तीन नावं दिसतात. केंटकी ब्लूग्रास दिसायला सर्वांत देखणं. जमिनीखालच्या खोडांनी पसरत असल्यामुळे मोकळी जागा आपोआप भरून काढतं. मात्र उगवायला दोन ते चार आठवडे घेतं आणि पाणी, खत दोन्ही जास्त मागतं. पेरेनिअल रायग्रास पाच-सात दिवसांत वर येतं, पण उन्हाळ्यात कच खातं. तिसरं टॉल फेस्क्यू. त्याची मुळं खोल जातात, दुष्काळ आणि पायदळ ते बऱ्यापैकी सोसतं, थोडी सावलीही चालते. मध्य आणि दक्षिण न्यू जर्सीतल्या साध्या घरगुती अंगणासाठी मी डोळे मिटून टॉल फेस्क्यू सुचवेन. त्यात वजनाने पाच-दहा टक्के ब्लूग्रास मिसळलेलं असलं तर उत्तम, कारण टॉल फेस्क्यू ठोंबाने वाढतं आणि पडलेलं भगदाड स्वतः भरत नाही. दाट झाडांखाली मात्र फाइन फेस्क्यू हे बारीक पात्याचं दुसरं गवतच लावा. जिथे दिवसभरात तीन तासही ऊन येत नाही तिथे गवताचा नाद सोडून वुडचिप्स पसरलेल्या बऱ्या.

टॉल फेस्क्यूमध्येही जात बघावी लागते. ‘केंटकी ३१’ हे 1931 साली केंटकीतल्या एका डोंगराळ शेतावर सापडलेलं आणि 1943 मध्ये प्रसारित झालेलं कुरणाचं गवत. पातं रुंद, रंग फिकट, वाढ भसाभस. गुरांच्या रानात ठीक, अंगणात ते तणासारखंच दिसतं. स्वस्त पिशव्यांत आजही तेच भरलेलं असतं. अंगणासाठी लागतात त्या बारीक पात्याच्या, गडद, ठेंगण्या जाती, आणि त्यांची सुरुवात आपल्या शेजारीच झाली. रटगर्स विद्यापीठात रीड फंक यांनी आयुष्यभर गवताच्या जाती पैदा केल्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून गोळा केलेल्या रोपांपासून त्यांनी 1967 मध्ये ‘मॅनहॅटन’ हे रायग्रास आणलं, आणि 1980 च्या सुमारास ‘रेबेल’ हे पहिलं खऱ्या अर्थाने लॉनचं टॉल फेस्क्यू. आजच्या चांगल्या जाती त्याच परंपरेतल्या.

पिशवीच्या पुढच्या बाजूचं चित्र सोडा, मागचं लेबल वाचा. त्यावर जातींची नावं, उगवणक्षमता, तणाच्या बियांचं प्रमाण आणि चाचणीची तारीख छापलेली असते. उगवण 85 टक्क्यांच्या वर, तणबी 0.1 टक्क्याच्या आत, ‘अदर क्रॉप’ शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. ‘अदर क्रॉप’ म्हणजे तण नव्हे, पण त्यात लॉनमध्ये नको असलेली दुसरी गवतं येतात आणि ती नंतर कोणत्याही साध्या फवाऱ्याने जात नाहीत. ‘इनर्ट मॅटर’ (बी नसलेला भाग) 50 टक्के दिसलं तर बियांवर लेप चढवलेला आहे, म्हणजे दहा पौंडांच्या पिशवीत बी पाचच पौंड. भाव करताना ते धरा.

माती आधी तपासा

जुलैत वा ऑगस्टच्या सुरुवातीला मातीचा नमुना द्या. रटगर्सची माती प्रयोगशाळा माफक शुल्कात चाचणी करते. अंगणात दहा-बारा ठिकाणी चार इंचांपर्यंत माती काढायची, प्लास्टिकच्या स्वच्छ बादलीत एकत्र करायची, वाळवायची आणि त्यातली थोडी पाठवायची. पुढच्या आणि मागच्या अंगणाची वेगळी, कारण घर बांधताना तळघरातून निघालेली माती बहुतेक वेळा मागे पसरलेली असते.

सामू (पीएच) 6 ते 7 च्या दरम्यान हवा. इथला पाऊस चुना धुऊन नेतो, त्यामुळे माती हळूहळू आंबट होत जाते. अहवालात चुना सुचवला असेल तर दाणेदार चुना वापरा. एका वेळी हजार चौरस फुटांना पन्नास पौंडांपेक्षा जास्त नको. बाकीचा सहा महिन्यांनी द्या. अहवाल नसताना ‘दरवर्षी सगळेच टाकतात’ म्हणून चुना टाकू नका. सामू साडेसातावर गेला की लोह मिळेनासं होतं आणि गवत फिकट पडतं.

मध्य जर्सीत बऱ्याच ठिकाणी लालसर, चिकट, शेल खडकाची माती आहे. ती दबली की दगड होते. पाऊस पडून गेल्यावर स्क्रूड्रायव्हर जमिनीत खुपसून बघा. तो सहज चार इंच गेला नाही तर एरेशन, म्हणजे भोकं पाडून जमीन मोकळी करणं, हवंच.

पेरणी

मध्य जर्सीसाठी खिडकी साधारण 20 ऑगस्ट ते 25 सप्टेंबर. रोज तारखा बघायच्या नसतील तर गणपती ते घटस्थापना लक्षात ठेवा. तिथी मागेपुढे होतात, त्यामुळे गणपती उशिरा येतात त्या वर्षी तारखाच धरा. दसऱ्यानंतर पेरलेलं उगवतं, पण पाचोळा आणि थंडी त्याला वाढू देत नाहीत.

पेरणीआधी तीन-चार आठवडे रुंद पानांच्या तणांवरची फवारणी आटोपून घ्या, कारण 2,4-डीसारख्या औषधाचा अंश कोवळ्या रोपांना मारतो. पूर्ण अंगणच तणांनी भरलेलं असेल आणि सगळं नव्याने करायचं असेल तर ग्लायफोसेट फवारून किमान आठवडाभर थांबा. उगवलं तर पुन्हा फवारा, मग पेरणी.

पेरणीच्या दिवशी जुनं गवत दीड-दोन इंचांवर कापा आणि कापलेलं उचलून घ्या. एरवी मी कधीच उचलत नाही, पण या दिवशी बियांना माती दिसली पाहिजे. मग कोअर एरेटर भाड्याने आणा. नुसते खिळे टोचणारा नको, तो माती आणखी दाबतो. मातीच्या दोन-तीन इंचांच्या कांड्या बाहेर काढून टाकणारा हवा. जमिनीत वाफसा असताना चालवा. चिखलात आणि खडखडीत जमिनीत दोन्हीकडे तो कुचकामी. उभा आणि आडवा असे दोन फेरे मारा. कांड्या तिथेच राहू द्या, पावसाने विरघळतात. स्प्रिंकलरची तोंडं आणि कुत्र्याच्या कुंपणाची जमिनीत पुरलेली वायर आधी झेंड्या लावून दाखवून ठेवा.

आता बी. नव्या जमिनीवर टॉल फेस्क्यू हजार चौरस फुटांना सहा ते आठ पौंड, आहे त्या गवतात भर घालायची तर तीन ते पाच पौंड. एका पौंडात सव्वादोन लाखांच्या आसपास बिया असतात, म्हणजे सात पौंडांच्या दराने दर चौरस इंचाला अकरा-एक बिया पडतात. पेरून झाल्यावर वाकून बघा आणि अंगठ्याएवढ्या जागेतल्या बिया मोजा. पंचवीस-तीस दिसल्या तर फार दाट झालं. अशी रोपं एकमेकांची हवा अडवतात आणि दमट दिवसांत कुजतात. ब्लूग्रासचं बी इतकं बारीक असतं की एका पौंडात दहा लाखांहून जास्त बिया मावतात, म्हणून ते दोन-तीन पौंडच पुरतं.

बियांचे दोन भाग करा. एक भाग पूर्व-पश्चिम, दुसरा उत्तर-दक्षिण टाका. स्प्रेडरच्या (बी पसरायच्या गाड्याच्या) चुकीने राहणारे पट्टे असे टळतात. नंतर पानांच्या दंताळ्याची पाठ हलक्या हाताने फिरवा. बी पाव इंचापेक्षा खोल जाऊ देऊ नका. वर चाळलेल्या कंपोस्टचा किंवा पीट मॉसचा पातळ थर द्या, इतका पातळ की खालची माती मधूनमधून दिसत राहील. गव्हाच्या काडाचा पेंढा स्वस्त पडतो, पण त्यातून तण येतं.

सोबत स्टार्टर खत, म्हणजे नव्या रोपांसाठीचं खत, द्या. न्यू जर्सीत लॉनला स्फुरद (फॉस्फरस) द्यायला एरवी बंदी आहे. नवी लागवड, दुरुस्ती आणि मातीच्या अहवालात दिसलेली कमतरता यांना त्यातून सूट आहे.

पहिले दोन आठवडे जमिनीचा वरचा अर्धा इंच सुकू द्यायचा नाही. दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी पाच-दहा मिनिटं हलकं पाणी. पाणी वाहायला लागलं की बंद. फुगलेलं बी एकदा वाळलं की मेलं, दुसरी संधी नसते. सातव्या-आठव्या दिवशी सकाळी तिरप्या उन्हात बघा. उभं राहून काही दिसत नाही, पण जमिनीलगत डोळे नेले की दाभणाएवढी पाती दिसतात आणि प्रत्येकीच्या टोकाला दवाचा एकेक थेंब असतो. सगळं वर आलं की पाणी दिवसातून एकदा, मग दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. उगवल्यावरही तीनदा पाणी देत राहिलात तर मुळं वरच राहतात.

पहिली कापणी गवत चार इंचांवर गेलं की तीन इंचांवर, धारदार पात्याने, जमीन कोरडी असताना. तीन-चार कापण्या होईपर्यंत तणनाशक नाही.

ऑक्टोबरमध्ये ओक-मेपलचा पाचोळा पडायला लागतो, आणि इथेच चांगली उगवलेली लॉनं वाया जातात. ओल्या पानांखाली कोवळं रोप चार-पाच दिवसांत पिवळं पडतं. दंताळ्याने ओढू नका, रोपं उपटून येतील. ब्लोअर कमी वेगावर ठेवून पानं दोन दिवसांआड बाजूला सारा. रोपं रुजली की पानांवरून मोअर फिरवून चुरा तिथेच सोडला तरी चालतो.

कापणी आणि पाणी

टॉल फेस्क्यू वर्षभर तीन ते चार इंचांवर ठेवा, उन्हाळ्यात चारवर. बुटकं कापलेलं गवत गालिचासारखं दिसतं म्हणून दोन इंचांवर कापणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याच अंगणात क्रॅबग्रास आधी उगवतं, कारण उंच गवताची सावली त्याच्या बीला उजेड मिळू देत नाही. एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. सुट्टीवरून आल्यावर गवत गुडघ्याला लागलं असेल तर तीन-तीन दिवसांच्या अंतराने उतरवत आणा. कातरण तिथेच पडू द्या, त्यातून नत्र (नायट्रोजन) परत मिळतं. कापल्यावर पात्यांची टोकं पांढरट, दोरे निघाल्यासारखी दिसली तर मोअरच्या पात्याला धार लावायची वेळ झाली.

जर्सीत पाऊस वर्षभर जवळजवळ सारखा विखुरलेला, महिन्याला साधारण चार इंच. म्हणून बहुतेक आठवड्यांत होज काढायची गरजच नसते. पाऊस नसेल तेव्हा आठवड्याला एक ते सव्वा इंच पाणी दोन हप्त्यांत द्या. इंचाचा हिशोब सोपा आहे. ट्यूनाचे रिकामे डबे लॉनवर चार ठिकाणी ठेवा, स्प्रिंकलर वीस मिनिटं चालवा आणि फूटपट्टीने पाणी मोजा. वेळ पहाटे चार ते आठ. संध्याकाळी दिलेलं पाणी पात्यांवर रात्रभर राहतं आणि बुरशीला तेच हवं असतं.

खत, आणि राज्याचा कायदा

2011 साली मंजूर झालेल्या कायद्याने न्यू जर्सीने खतावर देशातल्या कडक नियमांपैकी काही नियम घातले. बार्नेगॅट खाडीसारख्या ठिकाणी नत्र-स्फुरद वाहून जाऊन शेवाळ माजत होतं. मला हा कायदा मनापासून पटतो, आणि गवताचंही त्यात काही नुकसान नाही. घरमालकाने 15 नोव्हेंबर ते 1 मार्च खत टाकायचं नाही. एका वेळी हजार चौरस फुटांना जास्तीत जास्त 0.9 पौंड नत्र, त्यातलं पाण्यात लगेच विरघळणारं 0.7 पौंडांपर्यंत. वर्षाला एकूण 3.2 पौंड. मुसळधार पावसाच्या तोंडावर नाही, गोठलेल्या जमिनीवर नाही, आणि ड्राइव्हवेवर सांडलेले दाणे झाडून परत लॉनमध्ये.

हिशोब असा करा. पिशवीवर 25-0-5 लिहिलं असेल तर त्यात 25 टक्के नत्र आहे. 0.9 भागिले 0.25 म्हणजे 3.6 पौंड खत हजार चौरस फुटांना. लॉन चार हजार फुटांचं असेल तर साडेचौदा पौंडांच्या आत. आधी लॉन मोजा. घराचा, ड्राइव्हवेचा, डेकचा भाग वजा केला की बहुतेकांचं लॉन त्यांना वाटतं त्यापेक्षा बरंच लहान निघतं.

टॉल फेस्क्यूला वर्षाला दोन-अडीच पौंड नत्र पुरतं. एक हप्ता सप्टेंबरमध्ये, दुसरा दिवाळीच्या आसपास पण 15 नोव्हेंबरच्या आत, आणि गरज वाटली तर मेअखेरीस अर्धा. एप्रिलमध्ये खत दिलं की पाती भराभर वाढतात, मुळं मागे राहतात आणि आपण नुसते मोअर ढकलत बसतो.

वसंतात एकच महत्त्वाचं काम

रस्त्याकडेच्या फोर्सिथियाच्या झुडपांना पिवळी फुलं आली की क्रॅबग्रासचं प्रतिबंधक टाकायची वेळ झाली, कारण जमीन पंचावन्न अंशांपर्यंत तापली की त्याचं बी उगवू लागतं. प्रोडायामिन किंवा डायथायोपिर लेबलवरच्या मात्रेत टाका आणि अर्धा इंच पाणी द्या. खतमिश्रित पिशवी घ्यायची गरज नाही, नुसतं औषध मिळतं. हे औषध गवताचं बीही उगवू देत नाही, त्यामुळे त्याच वसंतात बी टाकू नका. पडलेलं भगदाड भरायचंच असेल तर तेवढ्या जागेपुरतं मेसोट्रायोन हे तणनाशक वापरा, ते टॉल फेस्क्यूच्या पेरणीबरोबर चालतं.

डँडेलियन आणि क्लोव्हर मे महिन्यात डोळ्यांत खुपतात, पण त्यांच्यावरची फवारणी ऑक्टोबरमध्ये करा. तेव्हा ही तणं अन्न मुळांकडे ओढत असतात, त्याबरोबर औषधही खाली जातं. (त्याच शरदात बी पेरलं असेल तर वर सांगितलेल्या कापण्या होऊ द्या.) थोडा क्लोव्हर तसाच ठेवलात तरी काही बिघडत नाही, तो हवेतलं नत्र जमिनीला देतो.

उन्हाळा : करपा आणि हुमणी

जून ते ऑगस्ट रात्रीही पारा सत्तरच्या खाली येत नाही आणि हवा चिकट असते, तेव्हा टॉल फेस्क्यूवर ब्राउन पॅच हा बुरशीचा रोग येतो. फूट-दोन फुटांचे तपकिरी गोल दिसतात. एक पातं तोडून बघा. मधोमध फिकट डाग आणि त्याला गडद तपकिरी कड असेल तर हाच करपा. नुसत्या पाण्याच्या ताणाने वाळलेल्या पात्याला असा कडा असलेला डाग नसतो. नत्र बंद, पाणी फक्त पहाटे, ओलं गवत कापायचं नाही. दरवर्षी येतच असेल तर जूनमध्ये अझॉक्सीस्ट्रोबिन या बुरशीनाशकाचा एक प्रतिबंधक हप्ता. एकदा गोल पडले की औषध त्यांना हिरवं करत नाही, फक्त पसरणं थांबवतं.

ऊस पिकवणाऱ्या घरातल्यांना हुमणी सांगावी लागणार नाही. इथली हुमणी बहुतांशी जपानी भुंगेऱ्याची अळी. हा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो न्यू जर्सीतच, रिव्हरटनच्या एका रोपवाटिकेत, 1916 साली. जुलैत भुंगेरे गुलाबाची पानं चाळणी करतात आणि लॉनमध्ये अंडी घालतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अळ्या मुळं कुरतडतात. गवत ओढलं की विनासायास हातात येतं, खाली पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या. कावळे नि स्कंक रात्रंदिवस उकरू लागले तर समजा. एक चौरस फूट गवत तीन बाजूंनी कापून उलटा आणि मोजा. पाच-सहापर्यंत निरोगी लॉन सोसतं, आठ-दहाच्या वर असतील तर उपाय हवा. मागच्या वर्षी त्रास झाला असेल तर मे महिन्यात क्लोरँट्रानिलिप्रोल हे कीटकनाशक टाकून पाणी द्या. त्याला मुळांपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून ऑगस्टमध्ये टाकून उपयोग नाही.

ऑगस्टमध्ये गवत थोडं मलूल झालं, एखादा कोपरा वाळला, तरी तेव्हा काही टाकू नका. कोपरा आखून ठेवा आणि पेरणीची वाट बघा.

हिवाळ्यापुरतं

नोव्हेंबरअखेरची शेवटची कापणी अडीच-तीन इंचांवर घ्या, म्हणजे बर्फाखाली गवत आडवं पडून बुरशी धरत नाही. होज सोडवून आत ठेवा, बाहेरच्या नळाचा आतला व्हॉल्व्ह बंद करा. दवाने गोठलेल्या गवतावरून चालू नका, पावलांचे तपकिरी ठसे वसंतापर्यंत राहतात. ड्राइव्हवेवर साध्या मिठाऐवजी कॅल्शियम क्लोराइड घेतलं तर कडेचं गवत कमी जळतं, आणि बर्फ फावड्याने काढताना तो खारट ढीग लॉनवर न टाकता दुसऱ्या बाजूला टाका. मोअरचं पातं काढून धारेला द्या. जानेवारीत दुकानात गर्दी नसते, दोन दिवसांत परत मिळतं.